तुतीचे लाकूड आणि शेक्सपिअरचे शब्द

इंग्लंडमधील एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्ड गावी 1756 च्या सुमारास एका गृहस्थाने आपल्या बागेतील तुतीचे झाड तोडून टाकले. झाड त्याच्या मालकीचे होते, बागही त्याचीच होती. तरीसुद्धा गावात हाहाकार उडाला, लोकांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या असे सांगतात, आणि त्या तोडलेल्या झाडाची चर्चा आज अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी संपलेली नाही. कारण ते झाड विल्यम शेक्सपिअरने स्वतःच्या हाताने लावले होते, अशी त्या गावाची श्रद्धा होती.

या गृहस्थाचे नाव फ्रान्सिस गॅस्ट्रेल. हा पेशाने पाद्री होता. शेक्सपिअरने 1597 साली जी जागा विकत घेतली आणि जेथे 1616 साली त्याने देह ठेवला, ती ‘न्यू प्लेस’ नावाची वास्तू फिरत फिरत त्याच्या हाती आली होती. मूळचे घर 1702 सालीच पाडून तेथे नवे बांधण्यात आले होते. कवीच्या काळातले म्हणून दाखविण्यासारखे ते एक झाडच काय ते उरले होते. ते पाहावयास येणाऱ्या परक्या माणसांची वर्दळ सुरू झाली आणि पाद्रीबुवा त्रासून गेले. एके दिवशी त्यांनी कुऱ्हाड चालविली. पुढे कराच्या भानगडीवरून गावकीशी वाद होताच 1759 साली त्यांनी घरही जमीनदोस्त केले व गावाला कायमचा रामराम ठोकला.

खरी हकिकत येथून पुढे सुरू होते. टॉमस शार्प नावाच्या एका स्थानिक घड्याळजीने त्या झाडाचे बहुतेक लाकूड विकत घेतले. इतरांच्या दृष्टीने तो जळाऊ लाकडाचा ढीग होता. शार्पच्या दृष्टीने ती पेढी होती. त्याने त्या लाकडाचे लहान लहान तुकडे करून त्यांतून पेले, डब्या, दात कोरण्याच्या काड्या ठेवण्याच्या नळ्या आणि चिलमीतील तंबाखू दाबण्याच्या ठोकण्या घडविल्या. प्रत्येक वस्तूबरोबर महाकवीचे नाव होतेच. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावयाची, हा प्रश्न उद्भवलाच नाही. शेक्सपिअरचा सरळ वंश त्याच्या नातीबरोबर 1670 साली संपला होता. 1710 साली इंग्लंडात ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा अमलात आला खरा; परंतु तो छापलेल्या पुस्तकापुरता होता. कवीचे नाव डबीवर कोरून ती विकणाऱ्यास अडविणारा कोणताही कायदा नव्हता, आणि अडविणारा वारसही नव्हता.

शार्पचे नशीब उघडले ते 1769 साली. त्या वर्षी लंडनचा सुप्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याने स्ट्रॅटफर्ड येथे शेक्सपिअरच्या सन्मानार्थ तीन दिवसांचा मोठा उत्सव भरविला. गावाने गॅरिकला मानाचे नागरिकत्व बहाल केले ते तुतीच्याच लाकडाच्या कोरीव पेटीतून. ही पेटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उत्सवाच्या दिवसांत पावसाने असा काही कहर केला की नदीला पूर आला आणि ठरलेली मिरवणूक रद्द करावी लागली. मौजेची गोष्ट ही की, या साऱ्या सोहळ्यात शेक्सपिअरचे एकही नाटक झाले नाही. भाषणे झाली, गाणी झाली, मेजवान्या झाल्या, स्मृतिचिन्हे खपली. ज्याच्या नावाने हे सर्व चालले होते त्याचे नाटक तेवढे राहून गेले.

पुढे या धंद्याला चांगलेच बाळसे आले. ज्या घरात शेक्सपिअरचा जन्म झाला असे मानीत, त्या घरात त्याची म्हणून एक खुर्ची दाखवीत. येणाऱ्याने चार पैसे द्यावे आणि खुर्चीचा एक कपटा कापून न्यावा, असा रिवाजच पडला होता. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफर्सन हे दोघे 1786 साली तेथे गेले, तेव्हा त्यांनीही रिवाजाप्रमाणे आपला कपटा कापून घेतला. 1790 साली पोलंडच्या इझाबेला चार्टोरिस्का नावाच्या राजघराण्यातील स्त्रीने ती खुर्ची वीस गिनींना विकत घेऊन स्वदेशी नेली. खुर्ची गेली म्हणून स्ट्रॅटफर्डचे काही अडले नाही. थोड्याच काळात प्रवाशांना तेथे पुन्हा शेक्सपिअरची खुर्ची पाहावयास मिळू लागली!

1815 साली अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग हा त्या घरी गेला, तेव्हा तेथील बाईने त्याला शेक्सपिअरची तंबाखूची डबी दाखविली, ज्या बंदुकीने त्याने चोरून हरीण मारले ती बंदूक दाखविली, आणि ज्या कंदिलाच्या उजेडात रोमिओ व जूलिएट यांचे मृतदेह दिसले तो कंदीलही दाखविला. रोमिओ आणि जूलिएट ही नाटकातील पात्रे. परंतु त्यांच्या कबरीवर धरलेला कंदील मात्र खराखुरा होता! तुतीच्या लाकडाविषयी आयर्व्हिंगने जी थट्टा केली, ती प्रसिद्धच आहे. प्रभू येशूच्या क्रूसाच्या लाकडाप्रमाणेच या लाकडालाही आपोआप वाढण्याची सिद्धी लाभली असून आज जगात असलेल्या तुकड्यांतून एक लढाऊ जहाज उभे राहील, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले.

ही थट्टा करणारा आयर्व्हिंग पहिला नव्हता. क्रूसाच्या लाकडासंबंधी असे उपहासाचे बोलणे युरोपात त्याच्या आधी शतकानुशतके चालत आले होते. अखेर शार्ल रोओ द फ्लरी या फ्रेंच अभ्यासकाने ते मोजून पाहावयाचे ठरविले. निरनिराळ्या चर्चमध्ये जतन केलेल्या तुकड्यांची मापे जमवून त्याने 1870 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या अंदाजाप्रमाणे संपूर्ण क्रूसाचे आकारमान 17 कोटी 80 लाख घन मिलिमीटर भरावयास हवे; ज्ञात तुकड्यांची बेरीज मात्र सुमारे 40 लाख घन मिलिमीटर एवढीच आली. म्हणजे सारे तुकडे एकत्र केले तर ते चार लिटरच्या भांड्यात मावतील. या मापामुळे प्रत्येक तुकडा खरा ठरतो असे नव्हे. परंतु थट्टा करणाऱ्यांनी मापच घेतले नव्हते, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते.

धर्मातील अवशेष आणि बाजारातील स्मृतिचिन्ह यांत एक मूलभूत भेद आहे. भाविकाच्या मनाला स्पर्शाची ओढ असते, हे गोव्याच्या वाचकांना सांगावयास नको. संत फ्रान्सिस झेविअर यांचे शव 1554 साली गोव्यात दर्शनासाठी ठेवले असता एका स्त्रीने भक्तीच्या भरात त्यांच्या पायाचे बोट दातांनी तोडून घेतले, ही कथा जुन्या गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ही ओढ कोणत्या थराला जाऊ शकते हे ओळखूनच चर्चने पवित्र अवशेषांच्या विक्रीस सक्त मनाई केली आणि त्यांच्या खरेपणाविषयी अधिकाऱ्याचा दाखला आवश्यक ठरविला. नियम असूनही फसवणुकी झाल्या, हे इतिहास नाकारीत नाही. परंतु फसवणूक ओळखण्यास नियम होता. स्ट्रॅटफर्डच्या बाजारात असा नियम कोणी करावयाचा? तेथे दाखला देणाराही शार्प आणि विकणाराही शार्पच. म्हाताऱ्या शार्पवर लोकांचा संशय इतका वाढला की, 1799 साली मृत्यू जवळ आला असता त्याने शपथेवर लिहून दिले की, आपण विकलेल्या सर्व वस्तू त्याच झाडाच्या होत. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची शपथ खोटी म्हणणे कठीण. पण ते झाड शेक्सपिअरनेच लावले होते, याला तरी गावातील सांगोवांगीपलीकडे कोणता आधार होता?

शार्पच्या दुकानातील एका पेल्याने पुढे इंग्रजी साहित्याला मोठाच हिसका दिला. सॅम्युअल आयर्लंड नावाचा लंडनचा एक संग्राहक आपल्या कुमारवयीन मुलास घेऊन स्ट्रॅटफर्डला गेला होता. त्याने तुतीच्या लाकडाचा पेला घेतला. परंतु त्याचे खरे मन लागले होते ते शेक्सपिअरच्या हस्ताक्षरावर. त्याच्या हातचा एखादा कागद मिळाला तर आपण आपला सारा ग्रंथसंग्रह देऊन टाकू, असे तो म्हणत असे. मुलगा विल्यम हेन्री हा वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करी. बापाची ही तळमळ पाहून त्याने जुन्या कागदपत्रांतील कोरी पाने मिळविली, जुनाट दिसेल अशी शाई तयार करून घेतली आणि 1794 च्या अखेरीस शेक्सपिअरच्या सहीचा एक दस्तऐवज बापाच्या हाती ठेवला. मग पत्रे आली, कविता आल्या, ‘किंग लीअर’ची हस्तलिखित प्रत आली, आणि शेवटी एक संपूर्ण नवे नाटकच आले! डॉ. जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल याने तर त्या कागदांपुढे गुडघे टेकून त्यांचे चुंबन घेतले.

एडमंड मलोन या विद्वानाने चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून हे सारे कागद बनावट असल्याचे 1796 च्या मार्चअखेरीस दाखवून दिले. दोनच दिवसांनी, म्हणजे 2 एप्रिलला, ते ‘नवे’ नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले आणि प्रेक्षकांच्या हास्यकल्लोळात कायमचे बुडाले. मुलाने कबुली दिली. बापाला मात्र अखेरपर्यंत ती खरी वाटली नाही. आपला अजागळ पोर असे काही लिहू शकेल, यावर त्याचा विश्वासच बसेना. ज्या बापाच्या कौतुकाच्या एका शब्दासाठी त्या पोराने हा खटाटोप केला, त्या बापाने शेक्सपिअरची थोरवी मान्य केली, पण मुलाचे कर्तृत्व मान्य केले नाही. याहून चमत्कारिक गोष्ट पुढे घडली. त्या बनावट कागदांनाच संग्राहकांकडून मागणी येऊ लागली, तेव्हा विल्यम हेन्रीने आपल्याच बनावट कागदांच्या आणखी बनावट प्रती तयार करून त्या मूळ म्हणून विकल्या. संग्रहाच्या बाजारात खोट्यालाही ‘अस्सल खोटे’ असावे लागते!

परवानगीवाचून नाव वापरण्याचा हा प्रकार कवीच्या मृत्यूनंतरच सुरू झाला असे मात्र नाही. 1599 साली विल्यम जॅगर्ड या प्रकाशकाने शेक्सपिअरच्या नावावर एक छोटा काव्यसंग्रह विकावयास काढला. त्यांतील वीस कवितांपैकी निश्चितपणे त्याच्या म्हणता येतील अशा पाचच होत्या. 1612 साली त्याच जॅगर्डने नवी आवृत्ती काढताना टॉमस हेवुड या दुसऱ्या कवीच्या रचना तीत घुसडल्या. तेव्हा हेवुडने जाहीर तक्रार केली आणि आपल्या नावाशी असा खेळ केल्याबद्दल मूळ कवीही नाराज असल्याचे लिहून ठेवले. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा जोडून आपली पदे खपविणारे लोक ज्यांना माहीत आहेत, त्या मराठी वाचकांना या प्रकाराचे नवल वाटू नये.

आणि तरीही शेक्सपिअर आज आपणांस उपलब्ध आहे तो त्याच जॅगर्डच्या छापखान्यामुळे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. कवीच्या निधनानंतर सात वर्षांनी, 1623 साली, जॉन हेमिंग आणि हेन्री काँडेल या त्याच्या दोघा सहकारी नटांनी त्याची 36 नाटके एकत्र करून एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. हाच ‘फर्स्ट फोलिओ’ होय. यांपैकी 18 नाटके त्यापूर्वी कधीच छापली गेली नव्हती. ‘मॅकबेथ’, ‘ज्यूलिअस सीझर’, ‘टेम्पेस्ट’ ही त्यांतलीच. त्या दोघांनी हा खटाटोप केला नसता, तर ही नाटके बहुधा नाट्यगृहाच्या अडगळीत कुजून गेली असती. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करून तीत यापुढे कोणी भर घालू नये असे बजाविले, त्या कार्याशी या नटांच्या कार्याचे नाते जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी मूळ शब्दकर्ता हयात नव्हता, दोन्ही ठिकाणी त्याच्या नावावर अपपाठ चालू झाले होते, आणि दोन्ही ठिकाणी मागे राहिलेल्या कोणीतरी ते आपले कर्तव्य मानले.

या ग्रंथाच्या किमतीची कथाही ऐकण्यासारखी आहे. छापला तेव्हा बांधणीसह तो सुमारे एका पौंडास मिळत असे. आज त्याच्या सुमारे 235 प्रती ज्ञात असून त्यांतील एक 2020 साली न्यू यॉर्क येथील लिलावात 99 लाख 78 हजार डॉलरांना विकली गेली. परंतु ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्या ग्रंथालयाकडे ग्रंथ प्रसिद्ध होताच त्याची एक प्रत आली होती. 1664 साली सात जास्तीच्या नाटकांसह नवी आवृत्ती निघाली. नवी प्रत मोठी, तेव्हा जुनी काय करावयाची, अशा विचाराने जुनी प्रत जास्तीच्या पुस्तकांबरोबर निकालात निघाली. त्या सात नाटकांपैकी सहा शेक्सपिअरची नव्हेतच, असे पुढे विद्वानांनी ठरविले! 1905 साली एका विद्यार्थ्याने आपल्या घरातील जुने पुस्तक तपासण्यासाठी त्याच ग्रंथालयात आणले. बांधणीवरून ती बॉडलियनचीच गेलेली प्रत असल्याची ओळख पटली. हेन्री फोल्जर या अमेरिकन संग्राहकाने तिच्यासाठी 3000 पौंड देऊ केले होते. ग्रंथालयाने लोकांकडून वर्गणी गोळा करून तेवढीच रक्कम उभी केली आणि 1906 साली आपलेच पुस्तक परत विकत घेतले. लाकडाचा कपटा जपणाऱ्यांच्या देशात, विद्वानांच्या माहेरघरी, शब्दांचा मूळ ग्रंथ अडगळ ठरला होता.

शेक्सपिअरचे देहावसान 1616 साली झाले, हे वर आलेच आहे. त्याच साली गोव्यातील साष्टी प्रांतात रायतूर येथे दुसऱ्या एका इंग्रजाचा ग्रंथ छापला गेला, आणि तो होता मराठीत. फादर टॉमस स्टीफन्स हे शेक्सपिअरहून पंधरा वर्षांनी वडील. 1579 साली ते गोव्यास आले आणि 1619 साली येथेच निवर्तले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमी लिपीत 1616, 1649 आणि 1654 अशा तीन वेळा छापले गेले. या तीनही आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज ज्ञात नाही. शेक्सपिअरच्या ग्रंथाच्या दोनशेहून अधिक प्रती उरल्या. स्टीफन्सच्या ग्रंथाचे एक छापील पानही उरले नाही. 1684 साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, आणि त्या भाषेतील ग्रंथांना राजाश्रय उरला नाही.

तरी ते पुराण नष्ट झाले नाही. गोव्यात आणि पुढे मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या प्रती हाताने लिहून काढल्या जात होत्या आणि भक्तिभावाने वाचल्या जात होत्या. त्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला पोहोचलेली एक देवनागरी प्रतही विद्वानांच्या हाती आली. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्स यांच्या टेबलाचा कपटा कोणी विकला नाही, त्यांच्या अंगणातील झाडाची डबी कोणी घडविली नाही. ज्यांनी रात्री दिव्याजवळ बसून ओवीमागून ओवी उतरवून घेतली, त्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. त्यांना त्या वहीचे मोल पैशांत करता आले नसते, आणि ते करावे असे त्यांच्या मनातही आले नसेल.

थोरांच्या वस्तू जपू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ब्रिटिश म्युझियममधील ती कोरीव पेटी पाहताना कोणासही आनंदच होईल. परंतु वस्तूचा बाजार मागणीप्रमाणे वाढतो. झाड संपले तरी लाकूड संपत नाही. शब्दाचे तसे नाही. त्याची प्रत करणारा कोणी उरला नाही, तर तो मुकाट्याने नाहीसा होतो, आणि तो गेल्याचे कळतही नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आणि त्यांनी हौसेने चालविलेल्या ग्रंथालयांत आजही अशा वह्या, बाडे आणि मुखपृष्ठ गळालेली जुनी पुस्तके पडून आहेत. नवी आवृत्ती आली म्हणून, कपाटात जागा नाही म्हणून, किंवा घरात आता कोणी मराठी वाचीत नाही म्हणून ती रद्दीत घालण्यापूर्वी बॉडलियनची आठवण ठेवावी. निदान एकदा ती उघडून पाहावी आणि जाणत्या माणसास दाखवावी. ऑक्सफर्डकरांना आपली चूक 3000 पौंडांत भरून काढता आली, कारण त्यांचे पुस्तक कोणाच्या तरी घरात शिल्लक होते. रायतूरच्या छापील ग्रंथासाठी आज कोणी कितीही द्रव्य देऊ केले, तरी विकत घेण्याजोगी एकही प्रत कोठे दिसत नाही.